घंटागाडी येते तेव्हा घरी कोण असतं?

या अंकाचं संपादकीय कचऱ्यावर लिहिते आहे असं सांगितल्यावर आमच्यातलीच एक म्हणाली, "बायकांचे एवढे प्रश्न समोर पडलेले असताना कचरा कशाला? ते महापालिका बघेल." तिचं म्हणणं मला कळत होतं. मारहाणीच्या, पोटगीच्या, हुंड्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायका काही कमी झालेल्या नाहीत. पण महापालिका बघेल म्हणून जे जे सोडून दिलं ते फिरून आपल्याच अंगणात येऊन पडलं, असा या शहराचा अनुभव आहे. आणि अंगण झाडायचं कुणी, हे कुठल्या ठरावात लिहावं लागत नाही.

एक तारीख आठवून पाहा. ७ मार्च २०१८. दुसऱ्या दिवशी महिला दिन. त्या दिवशी शहराच्या पश्चिमेला, नाशिक रस्त्यावरच्या मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्या पोलिस बंदोबस्तात घेऊन जाण्यात आल्या. गाव रस्त्यावर उतरलं. दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली. पोलिस घराघरांत शिरले, बायका-म्हाताऱ्यांनाही त्यांनी मारलं, दारातल्या गाड्या फोडल्या, असं गावकऱ्यांनी सांगितलं. प्रकरण विधिमंडळात गेलं. पोलिस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. म्हणजे आदल्या दिवशी घरातल्या केरावरून बायकांच्या दारात लाठ्या चालल्या, आणि दुसऱ्या दिवशी महिला दिन साजरा झाला.

हे एका दिवसात झालेलं नव्हतं. (आमच्या शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या काळाबद्दल लिहिताना मी औरंगाबाद म्हणेन, आताबद्दल लिहिताना संभाजीनगर. त्यावरून कुणी पत्र पाठवू नये, कचऱ्यावरून जरूर पाठवावं.) औरंगाबादची महापालिका १९८२ सालची. आधी चिकलठाण्याची, मग वाळूजची औद्योगिक वसाहत आली. सिडकोची घरं झाली, हडकोची झाली. कारखान्यांच्या मागे माणसं आली, दुष्काळामागूनही आली. १९९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेसहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती पावणेबारा लाखांवर गेली. वीस वर्षांत दुप्पट. शहर चहूबाजूंनी पसरत गेलं, पण कचरा जात राहिला तो एकाच जागी, नारेगावला.

नारेगावला तीस वर्षांहून अधिक काळ कचरा पडत होता. ओला, सुका, दवाखान्यातला, कत्तलखान्यातला, सगळा एकत्र. प्रक्रिया काहीच नाही. २०१८ च्या सुमारास रोजचा आकडा चारशे ते साडेचारशे टन सांगितला जाई. त्या डोंगराच्या आसपास मांडकी आणि इतर छोटी गावं आहेत. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, कुत्र्यांच्या टोळ्या माजल्या, धूर तर कायमचाच. गावांनी अर्ज केले, आंदोलनं केली. २०१७ च्या दिवाळीच्या सुमारास गाड्या अडवल्या तेव्हा महापालिकेने काही महिन्यांची मुदत मागून घेतली. मुदत संपली, झालं काहीच नव्हतं. १६ फेब्रुवारी २०१८ पासून गावकऱ्यांनी एकही गाडी आत जाऊ दिली नाही. प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला आणि नारेगावला कचरा टाकायला मनाई झाली. मग गाड्या शहराभोवती जागा शोधत हिंडू लागल्या. जिथे जातील तिथे लोक आडवे. त्या हिंडण्यातच मिटमिटा आलं.

ते आठवडे ज्यांनी शहरात काढले त्यांना फार सांगायला नको. गुलमंडीपासून सिडकोपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग. पेटवलेल्या कचऱ्याचा धूर घरात येई, म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या. मार्च-एप्रिलचा उकाडा, त्यात खिडक्या बंद. धुण्याला धुराचा वास. तान्ह्या मुलाला घेऊन घरात बसलेल्या बाईने काय करायचं? वर्तमानपत्रांत या दिवसांना 'कचराकोंडी' असा चांगला शब्द मिळाला होता. कोंडी खरोखर कुणाची झाली त्याची बातमी मात्र क्वचित आली.

भराभर वाढणाऱ्या सगळ्याच शहरांची गत थोड्याफार फरकाने अशी आहे. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा. तिथे कोशे नावाचा कचऱ्याचा जुना डोंगर आहे. मार्च २०१७ मध्ये तो एका रात्री खचला आणि त्याच्या कुशीतल्या झोपड्यांवर कोसळला. शंभरावर माणसं गाडली गेली, त्यांत निम्म्याहून जास्त बायका. का, याचा अंदाज आपल्याला बसून करता येतो. रात्री घरात, पोरांजवळ कोण असतं? आपल्याकडे देवनार जळतं, फुरसुंगीचे लोक वर्षानुवर्षं गाड्या अडवतात, नारेगाव बंद होतं. शहराचा केर शहराबाहेरच्या गरिबाच्या दारात टाकायचा, ही पद्धत सगळीकडे एकच. आणि त्या दाराच्या आत बाई असते.

औरंगाबादच्या संकटानंतर मुंबईहून सचिव आल्या, पाच सूत्रांचा कार्यक्रम आला, निधी मंजूर झाला. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रं ठरली, ती टप्प्याटप्प्याने उभी राहिली. कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस. २०१९ मध्ये घरोघरचा कचरा उचलण्याचं काम एका खासगी कंपनीकडे गेलं, नव्या गाड्या दिसू लागल्या, कचराकुंड्या हटल्या. यातलं बरंचसं चांगलंच झालं. कचराकुंडीच्या शेजारी ज्यांची घरं होती त्या बायकांना विचारा, त्या सांगतील.

पण या सगळ्या यंत्रणेचं पहिलं चाक कुठे आहे? तुमच्या-माझ्या ओट्याखाली. ओला कचरा वेगळा नसेल तर कांचनवाडीचं यंत्र गॅस देणार नाही. सुका कचरा कोरडा नसेल तर त्यातला पुठ्ठा विकला जाणार नाही. कोट्यवधी रुपयांचे प्रकल्प अखेर दोन डब्यांवर उभे आहेत, आणि ते दोन डबे सांभाळते घरातली बाई. फुकट. या कामाचा कुठल्याही प्रकल्प अहवालात खर्च धरलेला नसतो. 'जनजागृती' असा एक रकाना तेवढा असतो.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकामात जे भाग घेतात त्यांच्यापुरतंच पाहिलं, तरी बाईची दिवसाला २९९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात आणि पुरुषाची ९७. शिवाय बहुसंख्य पुरुष त्या दिवशी घरकामात नव्हतेच. आता या २९९ मिनिटांत कचऱ्याची भर कशी पडते पाहा. ओला वेगळा ठेव. सुका वेगळा ठेव. दुधाची पिशवी धू, वाळव. मुलाने वहीचा कागद खरकट्यात टाकला तर तो काढ. सासऱ्यांना नवी पद्धत समजावून सांग, आणि त्यांनी ऐकलं नाही तर त्यांच्यामागून गुपचूप वेगळं कर. मग घंटा वाजली की हातातलं काम टाकून, पदर सावरत खाली पळ.

दुधाची पिशवी धुवायची तर पाणी लागतं. आमच्या शहराला जायकवाडीचं पाणी येतं. एवढं मोठं धरण उशाशी असून कित्येक वर्षं नळाला पाणी पाच-सहा दिवसांआड आलं, उन्हाळ्यात त्याहूनही लांबलं. पाणी साठवणं, ते पुरवणं, शिळं झालं की कशाला वापरायचं हे ठरवणं, हे सगळं बाईच्या डोक्यात चालू असतं. नळाची वेळ आणि घंटागाडीची वेळ एकच आली की ज्या कसरती होतात त्या ज्याने 'पिशव्या स्वच्छ धुवून द्याव्यात' असं पत्रक लिहिलं त्याने कधी पाहिल्या नसाव्यात. पुंडलिकनगरात किंवा किराडपुऱ्यात बोळ इतके अरुंद की गाडी तोंडाशीच थांबते. तिसऱ्या मजल्यावरच्या गरोदर बाईने दोन डबे घेऊन बोळ ओलांडायचा. नाही गेली तर कचरा घरात, आणि रात्री गुपचूप कोपऱ्यावर. मग फलक लागतो, 'महिलांनो, आपले शहर स्वच्छ ठेवा'. पुरुषांनो, असा फलक माझ्या पाहण्यात तरी आलेला नाही.

धुणीभांडी करणाऱ्या आपल्या मैत्रिणींची गोष्ट आणखी वेगळी. सकाळी चार घरांचा केर त्या वेगळा करून देतात, चार घरांच्या घंटागाडीला सामोऱ्या जातात. त्यांच्या स्वतःच्या वस्तीत गाडी येते तेव्हा त्या लोकांच्या ओट्याशी असतात. मुकुंदवाडीच्या बैठकीत एक बाई म्हणाली, "ताई, मालकिणीचा कचरा मी वेगळा करते नि माझा तसाच नाल्यात जातो." तिला आपण कोणती जागृती करणार आहोत?

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं आहे की महिला मंडळांनी, बचत गटांनी 'स्वच्छतादूत' म्हणून टोपी घालण्याआधी थोडं थांबावं. कचरा वेगळा केलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण वेगळा करायला शिकवायचं तर मुलाला शिकवा, नवऱ्याला शिकवा. घंटागाडीची वेळ वस्तीच्या कामाच्या वेळा पाहून ठरवायला लावा. महापालिकेला फुकटच्या कार्यकर्त्या हव्या असतात, आणि आपण लगेच हो म्हणतो. बचत गटाच्या बाईने दारोदार फिरून कचरा वर्गीकरण समजावलं तर ते काम आहे, आणि कामाला दाम असतो.

आता त्या दुसऱ्या बाईकडे येते, जिच्याशिवाय हे शहर केव्हाच गुदमरलं असतं आणि जी आपल्या बैठकीला फारशी दिसत नाही. पहाटे पाठीवर गोणी टाकून निघणारी. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचून भंगारवाल्याला विकणारी. बहुतेक ठिकाणी ती दलित असते. पुष्कळदा एकटीच्या जिवावर घर चालवणारी, नवऱ्याने टाकलेली किंवा नवरा गेलेली. ७२ च्या दुष्काळात गाव सुटलं आणि शहरात दुसरं काम मिळालं नाही, अशा आजीची ती नात असते. ना मालक, ना मजुरी, ना रजा. पोलिसाला ती चोर वाटते, कुत्र्याला परकी वाटते, आणि सोसायटीच्या वॉचमनला तर तिला हाकलायचा पगारच मिळतो.

आपल्याकडे दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात. ती केरसुणी परंपरेने मातंग समाज बांधत आला. केरसुणी लक्ष्मी, तिला पाय लावायचा नाही. आणि ज्या समाजाने ती बांधली त्यातलीच एखादी बाई दारावर प्लास्टिक मागायला आली तर तिला फाटकाबाहेरून बोलायचं. हा विरोधाभास आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की तो बोचतसुद्धा नाही.

खासगी ठेक्यात या बाईचं काय होतं हे समजून घेण्यासारखं आहे. ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. जितकं वजन, तितकं बिल. अशा व्यवस्थेत ओला-सुका एकत्र झाला तरी ठेकेदाराचं काही बिघडत नाही, उलट पाणी मुरलेला कचरा जड भरतो. वाटेत एखाद्या बाईने पंधरा किलो पुठ्ठा वेचून घेतला तर तो महापालिकेच्या खर्चातून वाचला, तो पुन्हा कारखान्यात गेला, डेपोवरचा भार हलका झाला. पण ठेकेदाराच्या बिलातून तो वजा झाला. म्हणून कालपर्यंत जे फेकून दिलेलं होतं ते आज एकाएकी मालकीचं होतं, आणि तिची वेचणी चोरी ठरते. आपण घरी जीव टाकून दोन डबे केले आणि गाडीत ते एकत्र झाले, हे तुमच्यातल्या पुष्कळजणींनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात चालकाच्या आळसापेक्षा बिलाच्या पद्धतीचा हात मोठा असतो.

कैरोमध्ये असंच घडलं. तिथले झब्बालीन, म्हणजे पिढ्यान् पिढ्या घरोघर फिरून कचरा नेणारे लोक, गोळा केलेल्यातला फार मोठा भाग हाताने निवडून पुन्हा वापरात आणत. २००३ च्या सुमारास सरकारने काम परदेशी कंपन्यांना दिलं. कंपन्यांनी रस्त्यावर मोठ्या कुंड्या ठेवल्या. लोकांना दारावर येणाऱ्या माणसाची सवय, कुंड्या ओसंडल्या, निवडलं जाणं घटलं. काही वर्षांनी सरकारला त्याच जुन्या लोकांकडे वळावं लागलं. आपण एवढ्या लांबचं उदाहरण घ्यायची खरं तर गरज नाही, पुणं जवळ आहे.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या कार्यकर्त्या अध्यापिका वेचणाऱ्या बायकांबरोबर उन्हातान्हात फिरल्या, बाबा आढावांचं पाठबळ होतं. पहिली मागणी काय होती? ओळखपत्र. आम्ही भिकारी नाही, चोर नाही, कामगार आहोत, एवढं एका कागदावर लिहून द्या. तीन-चार वर्षांत पुणे महापालिकेने ते मान्य केलं. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी त्यांनी अभ्यास केला आणि वेचणाऱ्या बायका महापालिकेचा वाहतुकीचा केवढा खर्च दरवर्षी वाचवतात त्याचा हिशोबच मांडला. पुढे पालिका त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली. २००८ पासून याच बायकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघर जायला सुरुवात केली. घराने दरमहा शुल्क द्यायचं, सुका कचरा विकून येणारे पैसे त्यांचे. त्यांना तरी हे सुखासुखी मिळालेलं नाही. कराराचं नूतनीकरण आलं की दर वेळी टांगती तलवार, दर वेळी मोर्चा. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने, 'मुलगी झाली हो' नाटक घेऊन गावोगाव फिरलेल्या आपल्याच मैत्रिणींनी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'परिसर विकास' सुरू केला. कचरावेचक बायकांना खत आणि बायोगॅसचं तंत्र शिकवलं, त्यांच्या सहकारी संस्था केल्या.

औरंगाबादेतही २०१८ नंतर काही स्वयंसेवी संस्थांनी वेचणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन सुक्या कचऱ्याची वर्गीकरण केंद्रं चालवून पाहिली. डोक्यावर छप्पर, हातात मोजे, ठरलेली वेळ. काम तेच, पण बाईच्या बसण्यात फरक पडतो. हे वाढायला हवं होतं. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत तर कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, वर्गीकरणाला जागा द्या, असं स्पष्ट लिहिलं होतं. २०२४ मध्ये केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत कचरावेचकांचीही नोंद करायचं ठरलं. कागद आपल्या बाजूने आहे. तो घेऊन वॉर्ड ऑफिसात जाणारं कुणी हवं.

इथे एक अवघड गोष्ट लिहायलाच हवी. एका वस्तीत मी हे सगळं सांगत होते, ओळखपत्र, सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क, सहकारी संस्था. मागे बसलेली बारावीतली मुलगी उठली. तिची आई वेचते. ती म्हणाली, "तुम्ही आमच्यासाठी कचऱ्यावर हक्क मागताय. मला तो हक्क नकोच आहे." बैठकीत कुणी काही बोललं नाही. तिच्या आईनेही नाही.

ती मुलगी बाबासाहेबांच्या वाटेने बोलत होती. मेलेली ढोरं ओढू नका, घाण कामं टाका, शिका, असं त्यांनी महाडच्या काळापासून सांगितलं, आणि त्यांच्याच प्रेरणेने याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं. जातीने लादलेलं काम 'हक्काचं' करून देणं म्हणजे बेडीला मुलामा देणं, हा आक्षेप खरा आहे आणि तो कुणी सवर्ण विचारवंताने खोडून काढायचा नाही. पण दुसऱ्या बाजूला तिची आई आहे. ती पंचेचाळिशीची, निरक्षर, कंबर दुखते. उद्या यंत्रं आली, गाड्या बंदिस्त झाल्या, तर तिची घाणीतून सुटका होत नाही. तिची चूल विझते. गेल्या काही वर्षांत 'यांत्रिकीकरणामुळे मानवी हाताळणी थांबेल' असं ऐकलं की मी विचारते, जे हात थांबले त्यांना पुढे काय काम दिलं?

मला वाटतं, मायलेकी दोघींचं खरं धरूनच मागणी करावी लागेल. आईला आज सावलीत बसून, मोजे घालून, कोरडा माल निवडून विकण्याचा हक्क आणि त्याचा पैसा. डेपोच्या ढिगावर हाताने उकरणं बंद. लेकीला शिष्यवृत्ती आणि वसतिगृह, म्हणजे आईच्या गोणीला तिला हात लावावा लागणार नाही. आणि झाडण्या-उचलण्याच्या कामाला असा पगार, अशी सुरक्षा, की उद्या कुठल्याही जातीच्या माणसाने त्यासाठी अर्ज करावा. आज गाडीवर चालकाच्या जागी पुरुष बसतो, झाडू बाईच्या हाती असतो. पगारवाढ झाली, यंत्र आलं, की बाई मागे पडते, हे गिरण्यांपासून आपण पाहत आलो आहोत. स्टिअरिंगही बायकांच्या हाती आलं पाहिजे. काम करताना कुणी हात धरला, अचकट बोललं, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे असंघटित कामगार बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. वेचणाऱ्या किती जणींना ती ठाऊक आहे? आपल्या केंद्रांनी निदान हे तरी लगेच सांगायला घ्यावं.

आणखी एक विषय. तो आपण आपसांतसुद्धा हळू आवाजात बोलतो. सॅनिटरी पॅड. कापडाची घडी जाऊन पॅड आलं, त्याने मुलींची शाळा सुटायची थांबली, हे मोठंच झालं. पण वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, घरातल्या पुरुषाच्या नजरेला पडू नये म्हणून सुक्या कचऱ्याच्या तळाशी लपवलं जातं. ते उघडावं लागतं दुसऱ्या बाईला, उघड्या हाताने. आपली लाज तिच्या हातात जाते. २०१६ च्या नियमांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांवर बंधन घातलं होतं की प्रत्येक पॅडसोबत ते गुंडाळून टाकायला वेष्टन द्यावं. पुण्याच्या कचरावेचक बायकांनी तर त्याआधीच, २०१३ मध्ये, वापरलेली पॅड्स भरून उत्पादक कंपन्यांना परत पाठवली होती! लाजून गप्प बसणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या वतीने त्या बोलल्या. आपल्या घरी निदान एवढं करता येईल, वेगळी पुडी, त्यावर लाल खूण, आणि ती पुडी गाडीवर द्यायला घरातला मुलगाही चालेल. तरण्या मुलाच्या हाती ती दिली म्हणून आकाश कोसळत नाही.

महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची कित्येक वर्षं या शहरात निवडून दिलेले नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. या काळात कचऱ्याची तक्रार करायची ती ॲपवर, नाहीतर फोनवर. ज्या बाईच्या हाती स्वतःचा फोन नाही तिने कुणाचं दार ठोठवायचं, हे कुणी सांगितलं नाही. निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत याचा आपण अभिमान बाळगतो. मग त्या जागांवर बसणाऱ्या प्रत्येकीला आपण हे प्रश्न विचारले पाहिजेत, तिचा पक्ष कोणताही असो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपापल्या वॉर्डात हिंडून थोडी माहिती गोळा करावी. घंटागाडी किती वाजता येते आणि त्या वेळी घरी कोण असतं. गाडीत ओला-सुका वेगळा राहतो की एकत्र होतो. ठेकेदाराचं बिल टनावर आहे की घरांच्या संख्येवर, हे माहितीच्या अधिकारात विचारा, दहा रुपयांचा अर्ज आहे. वॉर्डात वेचणाऱ्या बायका किती, त्यांतल्या कितींकडे ओळखपत्र आहे, त्या माल कुठे निवडतात, पावसाळ्यात कुठे बसतात. हे त्यांनाच विचारा, त्यांना वेळ असेल तेव्हा, त्यांच्या जागी जाऊन. आणि आपल्या पुढच्या बैठकीला त्यांना बोलवायचं तर ती सकाळी ठेवू नका, ती त्यांची कामाची वेळ असते. दुपारी तीननंतर बऱ्याचजणी मोकळ्या होतात.

जे हाती लागेल ते आम्हाला लिहून पाठवा, पोस्टकार्डावर दोन ओळी असल्या तरी चालतील. वॉर्डाचं नाव घालायला विसरू नका. ही सगळी माहिती एकत्र करून आम्ही महापालिका आयुक्तांकडे जाणार आहोत, आणि ते काय म्हणतात ते पुढच्या अंकात छापू.